सलाईन म्हणजे जेवण नव्हे: आयसीयूतल्या पेशंटला नाकातल्या नळीतनं काय देतात, किती देतात आणि का

दुपारी चार वाजले की आयसीयूचा दरवाजा उघडतो आणि बाहेरच्या बाकड्यांवर सकाळपासनं बसलेली माणसं एकदम उठतात. कुणी खानापूरकडनं आलेलं असतं, कुणी निपाणी-चिकोडीकडनं, कुणी पलीकडं चंदगडहून, कारण मोठ्या दवाखान्यासाठी तिकडच्या लोकांना पण बेळगावच जवळ पडतं. डॉक्टर बीपी सांगतात, ऑक्सिजन सांगतात, किडनीचा रिपोर्ट सांगतात, आणि ते सगळं ऐकून झाल्यावर घरातली एक बाई, बहुतेक वेळा आई नाहीतर बायको, हळूच विचारते, "पण त्यांनी काय खाल्लं?"

मी डाएटिशियन आहे, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं येतो. आणि मी उत्तर द्यायच्या आधीच शेजारचा दीर नाहीतर भाऊ तिला सांगून टाकतो, "वैनी, सलाईन चालू आहे न्हवं, त्यात असतंय की सगळं." ती गप्प बसते. पण तिची शंका बरोबर असते आणि त्याचं उत्तर चूक असतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढावं असं कधीपासनं मनात होतं.

आधी सलाईनचा हिशेब करूया. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत असतं पाणी आणि साधारण साडेचार ग्रॅम मीठ. कॅलरी शून्य. ज्याला ग्लुकोजची बाटली म्हणतात, ५ टक्केवाली, त्यात अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे, त्यातनं मिळतात जेमतेम ८५ कॅलरी. आता घरची ज्वारीची छोटी भाकरी घ्या, ५० ग्रॅम पिठाची. तिच्यात साधारण १७० कॅलरी. म्हणजे ग्लुकोजच्या दोन बाटल्या मिळून एक छोटी भाकरी होते, आणि भाकरीत निदान थोडं प्रोटीन तरी असतं, बाटलीत ते पण नाही. दिवसाला तीन बाटल्या गेल्या तर दीड भाकरी झाली. सलाईन कमी महत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही, अंगातलं पाणी आणि बीपी सांभाळायला आणि औषधं शिरेतनं द्यायला ते लागतंच, पण गावाकडं अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा डॉक्टर" म्हणायची जी सवय आहे त्यातनं ही समजूत घट्ट बसलेली आहे आणि आयसीयूच्या दारात ती फार महाग पडते.

आता कुणी म्हणेल की माणूस एकादशी करतो, नवरात्रीचे नऊ दिवस उपास करतो, त्याला काय होत नाही, मग आठवडाभर आयसीयूत नाही खाल्लं तर काय बिघडलं? फरक असा आहे की धडधाकट माणूस उपाशी राहिला की शरीर काटकसरीला लागतं, खर्च कमी करतं, साठलेली चरबी काढून वापरतं आणि स्नायूंना शक्य तेवढा हात लावत नाही. पण सेप्सिस झालेला, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच बिघडलेला, ॲक्सिडेंटमध्ये पाच हाडं मोडलेला नाहीतर भाजलेला पेशंट असेल तर शरीर घाबरल्यासारखं वागतं. अंगभर सूज निर्माण करणारी रसायनं सुटलेली असतात, कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन वाढलेलं असतं, इन्सुलिन नीट काम करत नाही, आणि शरीर चरबी बाजूला ठेवून स्नायूच तोडायला घेतं, त्यातलं प्रोटीन काढून साखर बनवतं, जखम भरायला वापरतं, जंतूंशी लढायला वापरतं. २०१३ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी परतपरत करून मोजमाप छापलं, तर १० दिवसांत तो स्नायू सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी बारीक झालेला निघाला. दहा दिवसांत! व्हेंटिलेटर काढताना जो श्वास घ्यायला लागतो तो पण स्नायूनीच घ्यायचा असतो, खोकून कफ काढायचा तो पण स्नायूनीच, म्हणून हा विषय नुसता बारीक दिसण्याचा नाही.

हितं एक गोष्ट खरी खरी सांगायला पाहिजे, की कितीही चांगलं फीड, म्हणजे नळीतनं द्यायचं पातळ अन्न, दिलं तरी पहिल्या आठवड्यातली ही झीज पूर्ण थांबवता येत नाही. आजार आटोक्यात आणणं, पेशंटला लवकर हलवणं-बसवणं, फिजिओथेरपी, आणि बरोबरीनं अन्न, असं सगळं मिळून ती कमी करता येते.

मग अन्न द्यायचं कसं? पेशंट बेशुद्ध आहे नाहीतर तोंडात व्हेंटिलेटरची नळी आहे, गिळता येत नाही. म्हणून नाकातनं पोटात एक मऊ नळी घालतात, तिला दवाखान्यात सगळे आरटी म्हणतात, म्हणजे राईल्स ट्यूब, जॉन राईल नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या नावावरनं पडलेलं नाव. मोठ्या माणसाला बहुतेक करून १४ नाहीतर १६ नंबरची घालतात. त्या नंबरला ३ नी भागलं की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास, पेन्सिलीपेक्षा बारीक. किती आत घालायची ते आधी बाहेरनंच मोजतात, नाकाच्या टोकापासनं कानाच्या पाळीपर्यंत आणि तितनं छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. नळीवर खुणा असतात, नाकापाशी कुठली खूण आली ते लिहून ठेवतात आणि चिकटपट्टीनं नाकाला चिकटवतात. घालताना त्रास होतो, मळमळतं, डोळ्यातनं पाणी येतं, हे लपवण्यात अर्थ नाही, पण एकदा बसली की बहुतेकांना तिची सवय होते.

नळी घातली की लगेच दूध का सोडत नाहीत, हा भांडणाचा विषय होतो बघा. घशाखाली दोन रस्ते आहेत, एक पोटाचा आणि एक फुफ्फुसाचा, आणि शेजारी शेजारीच आहेत. शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनळीत चुकून नळी गेली तर तो खोकून खोकून बेजार होईल, पण गुंगीच्या औषधावर असलेला पेशंट कधी कधी खोकतच नाही. तसंच दूध सोडलं तर ते थेट फुफ्फुसात. म्हणून पहिलं फीड द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे काढून नळी पोटातच आहे का बघतात. नळीतनं थोडा रस ओढून त्याचा आंबटपणा पट्टीवर तपासायची पण पद्धत आहे, पीएच साडेपाच किंवा त्याखाली आला तर तो पोटातला. सिरिंजनं हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून गुडगुड आवाज ऐकायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते, पण नुसत्या तेवढ्यावर विसंबू नये, कारण नळी चुकीच्या जागी असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. तेव्हा एक्स-रेसाठी दोन तास गेले तर चिडू नका. ते दोन तास पेशंटच्या भल्याचेच असतात.

शिरेतनंच का देत नाही सगळं अन्न, असं पण विचारतात. देता येतं, त्याला टीपीएन म्हणतात, साखर, अमिनो ॲसिड आणि फॅट असलेली मोठी पिशवी मानेतल्या मोठ्या शिरेतनं चढवतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक या सर्जननी कुत्र्याची पिल्लं नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली आणि मग ते माणसांत आलं. ज्यांचं आतडं फुटलंय, अडकलंय, नाहीतर ऑपरेशनमध्ये बरंचसं काढून टाकलंय त्यांच्यासाठी ही पद्धत म्हणजे जीवदान आहे. पण ते महाग असतं, शिरेतनं जंतू जायची भीती असते, साखर वाढते, लिव्हरवर ताण येतो. आणि आतडं चांगलं असेल तर त्याला रिकामं ठेवायचं नसतं, कारण आतड्याच्या आतल्या थराला आपलं पोषण बरंचसं समोरनं जाणाऱ्या अन्नातनंच मिळतं. ओढ्याला पाणी नसलं की पात्र जसं भेगाळतं तसा तो थर कमजोर पडतो, आणि आतड्यातले जंतू रक्तात जाऊ नयेत म्हणून जी भिंत आहे ती हीच. त्यामुळं पोट चालत असेल तर पोटातनंच द्यायचं, हा नियम जगभर आहे, आणि तेही दाखल झाल्यापासनं २४ ते ४८ तासांत सुरू करायचं.

पण ह्याला एक मोठा अपवाद आहे. बीपी फार खाली गेलंय आणि ते वर ठेवायला औषधाचा डोस वाढवत चाललेत अशा वेळी शरीर मेंदू-हृदयाकडं रक्त वळवतं आणि आतड्याचा रक्तपुरवठा तोडतं. अशा आतड्यात अन्न ढकललं तर काम वाढतं, रक्त तर नाही, आणि आतडं काळं पडायची भीती. ह्याला शॉक म्हणतात, आणि तो आवरेपर्यंत फीड थांबवतात. पोटात अडथळा असेल, आतनं रक्तस्राव चालू असेल तरीही थांबवतात. हे "उपाशी मारलं" नव्हे.

आता किती द्यायचं. चिकोडीकडचा ६० किलोचा ऊस शेतकरी धरा. आजाराच्या पहिल्या आठवड्यात वजनाच्या दर किलोला १२ ते २५ कॅलरी असं सध्याचं मार्गदर्शन आहे, आपण मधलं २० धरूया, म्हणजे दिवसाला १२०० कॅलरी. घरी तो शेतात राबून ह्याच्या दुप्पट खात असेल, त्यामुळं आकडा ऐकून घरचे हबकतात. प्रोटीन मात्र जास्त लागतं, किलोला निदान १.२ ग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम. बारा अंडी झाली ही, नाहीतर पाव लिटरचे नऊ ग्लास दूध. आयसीयूतलं साधं तयार फीड एक मिलीला एक कॅलरी असं असतं, तेव्हा १२०० मिली लागणार, पंपावर लावलं तर तासाला ५० मिली. पण त्यात लिटरला साधारण ४०च ग्रॅम प्रोटीन असेल तर १२०० मिलीतनं ४८ मिळतात, राहिलेले २४ ग्रॅम वेगळ्या प्रोटीन पावडरनी भरून काढावे लागतात. माझं रोजचं काम म्हणजे हाच हिशेब, प्रत्येक बेडचा वेगळा. गुंगीसाठी प्रोपोफॉल नावाचं पांढरं औषध चालू असेल तर ते तेलातच बनवलेलं असतं, मिलीला १.१ कॅलरी, ती पण ह्यातनं वजा करायची.

आणि हा आकडा पहिल्या दिवशी गाठायचा नसतो. तासाला २० मिलीनं सुरू करायचं, पोट घेतंय का बघायचं, मग हळूहळू वाढवत तीन-चार दिवसांत तितपर्यंत जायचं. नातेवाईकांचा जीव तुटतो, "मॅडम, अजून थोडं वाढवा की, बाहेरच्या मेडिकलमधनं प्रोटीनचा मोठा डबा आणू काय?" मला त्यांची माया कळते, पण जास्त दिलं की लवकर बरं होईल हे तपासून झालंय आणि तसं निघालं नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जवळजवळ ४००० पेशंटांना दोन गटांत घेऊन एकाला नेहमीचं आणि दुसऱ्याला दीडपट कॅलरीचं फीड दिलं, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२३ साली फ्रान्समध्ये शॉकसाठी बीपीची औषधं चालू असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या तीन हजारांवर पेशंटांना पहिला आठवडा किलोला फक्त ६ कॅलरी विरुद्ध २५ कॅलरी असं देऊन बघितलं, तर कमीवाल्या गटात मृत्यू वाढले नाहीत, उलट ते एक दिवस आधीच आयसीयूतनं बाहेर पडायच्या तयारीला आले, उलट्या-जुलाबही कमी झाले. त्याच वर्षी प्रोटीनचा मोठा डोस देऊन केलेल्या अभ्यासात पण फायदा दिसला नाही, आणि ज्यांची किडनी बिघडली होती त्यांचं नुकसानच झालं. म्हणून आजार जोरात असताना थोडं, आणि उतरायला लागला की वाढवत वाढवत भरपूर. पेरणी झाल्या झाल्या शेत पाण्यानं भरून टाकत नाही आपण, तसंच.

सगळ्यात जपून कुणाला द्यायचं, तर जो आधीच बरेच दिवस उपाशी होता त्याला. आमच्याकडं असे पेशंट खूप येतात. दारूच्या पायी पंधरा दिवस अन्न न शिवलेला तरुण, अन्ननलिकेच्या कॅन्सरनी महिनाभर नुसत्या पेजेवर असलेले आजोबा, घरात एकटी पडून राहिलेली म्हातारी. घरच्यांना वाटतं की एवढे दिवस उपाशी, आता पोटभर द्या. पण उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ह्यांचा साठा आतनं संपत आलेला असतो, रक्ताच्या रिपोर्टात ते कधी कधी दिसत पण नाही. एकदम साखर-पिष्ट गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेलं फॉस्फेट-पोटॅशियम पेशींमध्ये खेचून घेतं. रक्तात ते धाडकन खाली येतं, हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, आणि "कालपर्यंत बरा होता, जेवण चालू केलं आणि गेला" अशी अवस्था येते. ह्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतनं सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपूर खायला दिल्यावर त्यातले काही दगावले, तेव्हा हे डॉक्टरांच्या नीट लक्षात आलं. म्हणून अशा पेशंटला किलोला १० कॅलरी नाहीतर त्याच्याही खाली सुरुवात करतात, अन्नाच्या आधी बी-वन व्हिटॅमिनचं, म्हणजे थायामिनचं इंजेक्शन देतात आणि रोज रक्त तपासतात. म्हणून दाखल करताना पेशंट किती दिवसांपासनं जेवत नाही हे खरं सांगा, दारूचं पण लपवू नका. माझ्यासाठी ती माहिती सीटी स्कॅनएवढी मोलाची असते.

पंप प्रत्येक ठिकाणी नसतो, मग दर दोन-तीन तासांनी सिरिंजनं देतात. ते एकदा जवळनं बघा. सिस्टर बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर करते, कारण आडव्या पेशंटच्या पोटातलं उलटं घशात येऊ शकतं. नाकापाशीची खूण बघते. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवते, नुसतं नळकांडं नळीला जोडते आणि वर धरते. वरनं फीड ओतलं की ते आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरतं, पातळी खाली गेली की परत ओतायचं, हवा आत जाऊ द्यायची नाही, २०० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्यानं ढकलायचं नसतं. शेवटी ३० मिली पाणी, नळी आतनं धुऊन निघायला, नाहीतर दूध आत नासून गुठळी होते आणि नळी बंद पडते. मग बाहेर येऊन "फीड होंटैत्री" असं सिस्टर कानडीत सांगून जाते आणि मराठी घरातली बाई माझ्याकडं बघते, मी सांगते, जेवण चालू आहे म्हणतीया ती. बेडजवळच्या पाटीवर एनबीएम लिहिलेलं असतं त्याचा पण असाच घोळ होतो, पोरं मोबाईलवर शोधतात आणि घरात रडारड. एनबीएम म्हणजे तोंडातनं काही द्यायचं नाही एवढंच. नळीतनं चालू असू शकतं, विचारून घ्या.

विचारायचंच असेल तर असं विचारा: काल किती मिली द्यायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती गेलं? ह्या दोन आकड्यांत बऱ्याचदा मोठं अंतर असतं. सीटी स्कॅनला नेताना फीड बंद, व्हेंटिलेटर काढायचं ठरलं म्हणून पहाटेपासनं बंद, मग ते पुढं ढकललं पण फीड परत सुरू करायचं राहिलं, सिरिंजनं पोटातनं उलटं ओढल्यावर आधीचं दीड-दोनशे मिली निघालं म्हणून बंद. ह्यातलं शेवटचं तर आता जुनं झालं, उलटी नाही, पोट फुगलेलं नाही तर ५०० मिलीच्या खाली असताना थांबवायची गरज नाही असं मार्गदर्शन आहे. असं थोडं थोडं करत दिवसाचं निम्मं जेवण बुडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नातेवाइकांनी शांतपणे आकडा विचारला तर कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, मला तर बरंच वाटतं.

आता तोंडातनं चोरून देण्याबद्दल. हे लिहिताना हात जड होतो. मी बारावीत होते, आजीला लकवा मारला आणि एका दवाखान्यात ठेवलेलं. नाकात नळी होती, पण आजी डोळे उघडून बघत होती, ओठ हलवत होती. कुणी आम्हाला काही समजावलं नव्हतं. मी घरनं नेलेल्या चहात बिस्कीट भिजवून दोन चमचे तिच्या तोंडात घातले. ठसका लागला नाही, ती गिळल्यासारखं करत होती, आणि मी खूश झाले की आजीनं चहा घेतला. दोन दिवसांनी ताप, मग छातीत घरघर, न्युमोनिया. लकव्यात नाहीतर बरेच दिवस व्हेंटिलेटरची नळी घशात राहिल्यावर गिळण्याची यंत्रणा बिघडते, आणि अन्न श्वासनळीत गेलं तरी कित्येकांना ठसकाच लागत नाही, हे मला पुढं कॉलेजात शिकताना कळलं. ठसका नाही म्हणजे गिळलं, असं धरून चालायचं नाही. आंबील, शहाळ्याचं पाणी, चमचाभर तीर्थ सुद्धा, सिस्टरला विचारल्याशिवाय नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी बंद असेल तर ते वेगळंच संकट. सौंदत्तीहून नाहीतर पंढरपूरहून आणलेलं तीर्थ द्यायचंच असेल तर सिस्टरला सांगा, ती कपाळाला लावू देईल, आणि ओठ कोरडे पडलेत असं वाटलं तर ओला गॉज ओठांवरनं फिरवू देईल, तोंड साफ ठेवण्यानं न्युमोनिया टाळायला मदतच होते.

जुलाब लागले की सगळे फीडला दोष देतात आणि ते बंद करायला सांगतात. बऱ्याच वेळा कारण अँटिबायोटिक असतं, नाहीतर नळीतनं दिल्या जाणाऱ्या गोड सिरपमधलं सॉर्बिटॉल. आधी ते बघायचं. गोळ्या कुटून घालण्याचं पण तसंच, सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत, हळूहळू विरघळायला बनवलेली गोळी कुटली की बारा तासांचा डोस एकदम जातो. फिट्सची फिनायटोइन असेल तर फीडबरोबर ती नीट शोषली जात नाही, मध्ये अंतर ठेवावं लागतं. प्रत्येक गोळीचं विचारूनच.

कित्येक पेशंट नळीसकट घरी जातात, खानापूरच्या जंगलातल्या गावांत, जितं पावसाळ्यात दोन-दोन दिवस करंट नसतो आणि मिक्सर-फ्रिजच्या भरवशावर राहता येत नाही. घरचं फीड देता येतं, दूध, भात, मूगडाळ, उकडलेलं अंडं, थोडं तेल असं एकदम बारीक करून गाळून, पण ताजं करायचं आणि बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. डाळीचं नुसतं वरचं पाणी देऊ नका, त्यात नावापुरतं प्रोटीन असतं, डाळ वाटून घाला. नाचणी सगळ्यांना द्यायची असते, आणि ती चांगलीच आहे, पण नाचणीची पेज गार झाली की खळीसारखी घट्ट होते आणि नळीत अडकून बसते. त्यावर आपल्या आज्यांची युक्ती लागू पडते: नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवून, हलकी भाजून दळायची. मोड येताना जे एन्झाइम तयार होतं ते पिष्ट तोडतं, त्यामुळं तेवढंच पीठ घालून सुद्धा पेज पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच पेल्यात जास्त अन्न बसतं. फीड कोमट असावं, देताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास पेशंट टेकून बसलेला असावा. नळी अर्धवट बाहेर आली तर आत ढकलू नका, फीड बंद ठेवा आणि दवाखान्यात जा. महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त दिवस लागणार असेल तर पोटाच्या कातडीतनं थेट जठरात नळी बसवतात, पेग म्हणतात तिला, दुर्बिणीनं होतं, मोठं ऑपरेशन लागत नाही. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला ती पहिल्यांदा बसवली. लोक तिला घाबरतात, पण नाक मोकळं होतं, पेशंट माणसात बसू शकतो, आणि पुढं गरज संपली की काढता पण येते.

नाकातली नळी काढायची घाई सगळ्यांना असते, पेशंटला तर सगळ्यात जास्त. आधी गिळण्याची तपासणी होते, चमचाभर पाणी, आवाज ओलसर-घोगरा होतो काय ते ऐकतात, मग घट्टसर पदार्थ, कारण पातळ पाणी आवरायला सगळ्यात अवघड आणि घट्ट दही सोपं. तोंडानं चार घास गेले म्हणून त्या दिवशीच नळी काढत नाहीत. गरजेच्या निम्म्याच्या बरंच वर तोंडानं जायला लागलं की मग. तोवर दिवसा ताटात आणि रात्री नळीतनं असं दोन्ही चालवतो. घरी गेल्यावर महिना-दोन महिने भूक लागत नाही, तोंडाला चव नसते, दोन घासांत दमायला होतं, त्यामुळं तीन मोठ्या जेवणांच्या ऐवजी सहा लहान, आणि प्रत्येकात काहीतरी प्रोटीनचं: सकाळी अंडं नाहीतर उसळ, मधे ताक, भाकरीबरोबर शेंगा चटणी आणि दही, रात्री झोपताना दूध. पहिला महिना दर आठवड्याला वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या ओपीडीला येताना ते कॅलेंडरचं पान फाडून बरोबर आणा.